सरूबाई जौजे कडूबा

९ ऑगस्ट १९८७, रविवार. गंगापूर

आलो एकदाचे! औरंगपुऱ्याहून निघालेला टेम्पो वाळूजपाशी तापून बसला, लोणच्याची बरणी फुटली आणि गादीला आता दिवाळीपर्यंत कैरीचा वास येणार. पण माझा आनंद काही कमी होत नाही. लग्नाला दीड वर्ष झालं आणि आज पहिल्यांदा मी म्हणेन त्या फळीवर डबे लागले. श्रीनिवास पाटबंधारे खात्यात, बदल्या त्याच्या पाचवीला पुजलेल्या. त्यातली ही बदली मला तरी मानवणार असं दिसतंय.

दोन खोल्या, वैजापूरच्या रस्त्याकडे तोंड करून. पुढं दगडी ओटा. घरमालक आप्पासाहेब शेतकरी माणूस, चाळिशी ओलांडलेले, बोलणं थोडं आणि मिशा मोठ्या. त्यांचं घर आमच्या भिंतीला लागूनच. सामान उतरायच्या आधीच त्यांच्या बायकोनं, वच्छलाबाईंनी, भाकरी, पिठलं आणि लसणाची चटणी आणून ठेवली, वर मला दटावलं की आल्या दिवशी चूल पेटवायची नाय, आमचंच खायचं. आप्पासाहेबांचे चुलते बन्सीनाना काठीवर हनुवटी टेकून सगळं बघत होते. सत्तरीला आलेले असावेत. मी पाया पडले तर एवढंच म्हणाले की सुखानं ऱ्हावा.

पावसानं डोळे वटारलेत. पण ओट्यावर वारा छान येतो. श्री आत पलंगाशी झटापट करतोय आणि मी इथं बसून लिहितेय. किती वर्षांनी इतकं निवांत वाटलं!

१८ ऑगस्ट, मंगळवार

मला काम मिळालं! पगार नाही, पण काम माझ्या आवडीचं आहे. मी इतिहासात एम.ए. केलंय आणि मोडी वाचते, हे श्रीनं आप्पासाहेबांना सांगितलं. (रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशी ही जुने कागद वाचते, असं सांगितलं. त्याचा हिशेब नंतर होईल.) आज आप्पासाहेब मुद्दाम आले. त्यांना त्यांच्या आईचा माग काढून हवाय.

आईचं नाव सरूबाई, वडील कडूबा. निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत, अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात, कडूबा बैलगाडी घेऊन वैजापूरला गेले ते परत आलेच नाहीत. आप्पासाहेब तेव्हा चार वर्षांचे. त्यानंतर सरूबाई एकसष्टपर्यंत जगल्या आणि रोज दुपारी, रानातली कामं आटपून, रस्त्याकडे बघत बसल्या. आमच्या खोल्यांच्या जागी तेव्हा त्यांचं जुनं घर होतं, ओटा तेवढा तोच. माणूस बारा वर्षं आला नाही की पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याची क्रिया करतात. भावकीनं तो विषय काढला तेव्हा सरूबाई म्हणाल्या म्हणे, की माझा धनी जित्ता हाय, पुतळा जाळायचा तर आधी मला जाळा. शेवटी मळवट भरून, हिरव्या बांगड्यांनिशी गेल्या. म्हणून पितृपंधरवड्यातल्या अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बायकांच्या दिवशी, हे त्यांच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालतात. ती जेवली म्हणजे सरूबाई जेवल्या.

फोटो नाही. माहेरचं कुणी माहीत नाही. बिडकीनच्या पाण्याची गोडी ती सांगायची, एवढं आप्पासाहेबांना आठवतं. आईचं कुणी असंल तर एकदा भेटावं वाटतं, म्हणाले. मग उठता उठता, माझ्याकडे न बघता, म्हणाले की बापाचं काय कळलं तर तेबी सांगा. मला भरून आलं. हे काम मी करणारच.

२७ ऑगस्ट, गुरुवार

चार-पाच खेपा तहसिलीत झाल्या. रेकॉर्डच्या खोलीतले कारकून आता मला बघितलं की आधी फडकं पुढं करतात, एवढी तिथं धूळ. पण सरूबाई सापडल्या! चोपन्नच्या खसरा पहाणीत जमीन कडूबाच्या नावे, शेरा ‘गैरहजर’, कसणार भाऊ बन्सी. आणि एका जुन्या वारसनोंदीत त्यांचं स्वतःचं नाव: सरूबाई जौजे कडूबा. निजामाच्या वेळची रीत ही. बाई सवाष्ण असेल तर जौजे, विधवा असेल तर बेवा. मरेपर्यंत सगळीकडे त्या जौजेच आहेत.

जन्ममृत्यूच्या नोंदीत आणखी एक सापडलं. एकोणपन्नासच्या सुरुवातीला त्यांना मुलगी झाली आणि बारशाआधीच गेली. म्हणजे नवरा गेला तेव्हा ही बाई पोटुशी होती. सबंध आयुष्य कागदावर चार ओळींचं. मी ते उतरवून घेताना रडले, हे इथं लिहायला लाज कसली?

संध्याकाळी बन्सीनानांना उत्साहानं सगळं सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की बाई, मेल्या माणसाला कशापायी उठवता. म्हातारी माणसं तशी बोलतातच.

१४ सप्टेंबर, सोमवार

श्रीला पैठणला काम होतं, त्याच्या जीपमधून मीही गेले. बिडकीन पैठण तालुक्यात, तेव्हा सरूबाईंच्या माहेरची पिढीजात नोंद तिथल्या तीर्थोपाध्यांच्या वहीत असणार, हा माझा अंदाज. अंदाज खरा ठरला. गुरुजींनी गाव विचारलं, लाल बासनातून वही काढली आणि सरूबाईंचे वडील, आजोबा, दोन भाऊ माझ्यापुढं मांडले. मी आनंदानं अक्षरशः टाळी वाजवली.

मग गुरुजी म्हणाले, सासरचंही बघून घ्या, आलाच आहात तर.

शके १८७०, भाद्रपद वद्य. ‘बन्सी, वडीलबंधू कडूबा याच्या अस्थी घेऊन आला.’ खाली अंगठा.

म्हणजे सप्टेंबर अठ्ठेचाळीसमध्येच. म्हणजे सरूबाई रस्त्याकडे बघत बसल्या तेव्हा त्यांचा नवरा गोदावरीत होता, आणि दिराला ते ठाऊक होतं.

श्री म्हणाला आजच्या आज आप्पासाहेबांना सांग. मी नाही म्हटलं. बुधवारी नवमी. वच्छलाबाईंनी यंदा सवाष्ण म्हणून मलाच सांगितलंय, बांगड्या भरायला कासारीण येऊन गेली. विधवा बाईची अविधवा नवमी ही माणसं इतकी वर्षं करत आली, आता एकदा आणखी केली तर काय बिघडतं? त्यांचा सण गोड होऊ दे, गुरुवारी सांगू. खरं सांगायचं तर ही बातमी नीट, सावकाश, माझ्या तोंडून सांगावी अशीही हौस होती.

१६ सप्टेंबर, बुधवार

आजचं सगळं नीट लिहून ठेवते.

पाट, रांगोळी, पुरणपोळी, कढी, आळूची भाजी. वच्छलाबाईंनी माझे पाय धुतले, कुंकू लावलं, हिरव्या लुगड्यानं ओटी भरली. आप्पासाहेबांनी समोर हात जोडले आणि मला ‘आई’ म्हटलं, आई, पोटभर जेव. त्यांचे डोळे भरले होते. मी पहिला घास उचलला आणि नको तोच विचार मनात आला, की बाई गं, तुला अजून माहीतच नाही. तो तर केव्हाच गेला.

घास तिथंच थांबला. हात माझा, पण खाली येईना. आणि माझ्या तोंडून शब्द निघाला. कवा?

मी ‘कधी’ म्हणते. जन्मात ‘कवा’ म्हटलेलं नाही.

बन्सीनाना भिंतीशी बसले होते. त्यांच्या हातातला तांब्या पडला. बाकीच्यांना वाटलं मी काही जेवणाचं विचारलं. मी हसून वेळ मारून नेली आणि सगळं पान संपवलं. इतकी भूक मला कधी लागली नव्हती.

१७ सप्टेंबर, गुरुवार

श्री सकाळी पैठणला गेला. कालव्याच्या पाण्याची भांडणं चाललीत, शनिवारी येईन म्हणाला. जाताना नेहमीसारखा गाल ओढून गेला. मला एकाएकी त्याला जाऊच देऊ नये असं वाटलं. दाराशी त्याचा शर्ट धरून ठेवला होता, तो हसला.

आप्पासाहेबांना सांगायचं राहिलं. जीभ उचलेना.

सकाळी लावलेलं कुंकू दुपारी नव्हतं. पुन्हा लावलं. पुन्हा नाही. घामानं जातं म्हणावं तर माझंच बोट लाल होतं.

दुपार ओट्यावर गेली. कशी गेली ते माहीत नाही. वच्छलाबाईंनी खांद्याला धरून हलवलं तेव्हा ऊन उतरलं होतं. म्हणाल्या, लई येळ हाका मारतेय, बाई.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

मला भीती वाटते. लिहून टाकते.

इतकी वर्षं कितीतरी बायका त्या पाटावर बसल्या. कुणाला काही झालं नाही, कारण त्यांतल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. सरूबाई यायची, जेवायची, सवाष्ण म्हणून परत जायची. यंदा माझ्यात आली आणि मला ठाऊक होतं. तिला माझ्यामुळं कळलं. आता ती परत जात नाही.

बन्सीनाना आज आपण होऊन आले. ओट्याखाली उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि मला ‘वयनी’ म्हणाले. माझ्याशी नाही, तिच्याशी बोलत होते ते. वैजापूरच्या रस्त्यावर गोळी लागली, म्हणाले, कुणाची ते ठावं नाय, म्या तिथंच जाळला. तुमच्या पोटात व्हतं म्हून बोललो नाय. बाळंतपण झाल्यावर सांगू म्हटलं. मग पोरगी गेली. मग आज सांगू, उद्या सांगू, तुमचं कुंकू बघून जिभंला काटे यायचे. हात जोडून रडत होते.

मला त्यांची कीव आली. पण माझा चेहरा हलला नाही. आणि माझे हात उठून ओट्याच्या दगडावर आपटले, पुन्हा, पुन्हा — हिरव्या बांगड्यांचा चुरा.

मंगळसूत्र तेवढं मी मुठीत धरून ठेवलंय.

१९ सप्टेंबर, शनिवार

आप्पासाहेबांना नानांनी सांगितलं. घरात रडारड. उपाय एकच म्हणतात, अमावास्येला कडूबाची क्रिया करायची, तिच्या देखत. तोवर सांभाळा, म्हणतात. कसं सांभाळू?

श्री आज येणार.

वच्छलाबाई तासातासाला येऊन कुंकू लावतात. लावताना डोळ्यांत बघत नाहीत.

शेवटची एस.टी. गेली. श्री आला नाही. देवा, तिचं जे झालं ते माझं — नाही, लिहायचं नाही. जीप बिघडली असेल. भांडण लांबलं असेल. श्री, ये ना रे. मी काही केलं नाही, फक्त वाचलं —

२० सप्टेंबर, रविवार

आला नाही.

मंगळसूत्र गळ्यात नाही. मी काढलं नाही. मी —

त्याचा चेहरा आठवायला बसले. कपाळ आठवतं, मग पटक्याचा काठ येतो. श्री पटका बांधत नाही. श्री चष्मा लावतो. श्री चष्मा लावतो. श्री चष्मा

सोमवार

वच्छलाबाईला आत येऊ दिलं नाय. कडी घातली.

माझं नाव उमा श्रीनिवास. माझं नाव उमा. लिहीत राहिलं तर राहील. माझा नवरा पैठणला गेलाय, तो येईल, जित्ता हाय —

नाय. बन्सी म्हणला, गेला. बन्सीनं सोता जाळला. आता वाट बघायची नाय. कपाळ पुसलं. लई हलकं वाटतंय.

रस्त्यावर गाडी थांबली. कुणीतरी उतरलं. पायात जोडा हाय, ओट्यावर चढला.

कडी वाजवतोय. उमा म्हणतोय, जीप बंद पडली व्हती म्हणतोय, दार उघड म्हणतोय. रडतोय का हसतोय. वच्छला भायेरून वरडतीय, सायब, आत जाऊ नगा.

ही उमा कोण?

फटीतून बघितलं. बाप्या माणूस हाय. म्हंजी माझा धनी म्हणून आलाय. धनी तर मेला. मेलेलं दारात आलं तर लोखंड धरावं. चुलीमागं इळा घावला. हातात धरलाय.

आतून कुणीतरी रडतंय, उघडू नको, श्री, पळ, म्हणतंय. बारीक आवाज हाय. पोरीचा.

तो म्हणतोय, मी दार तोडतो.

तोडू नगा. काढते कडी. या, धनी, आत