यकृताचा निरोप

३ जानेवारी
आष्टीत आलो. गोजरबाईंकडे दोन खोल्या मिळाल्या. एकीत संसार, एकीत माझी प्रयोगशाळा. टेम्पोतलं मशीन माझ्या नवऱ्यानं, प्रेमनं, एकट्यानं उतरवलं, वर सगळ्यांना चहा केला. गावकऱ्यांचं रक्त तपासायचं काम आहे. यकृतातून एक संप्रेरक निघतं. हृदयानं साखर जाळायची की चरबी, रक्तवाहिन्यांनी किती सैल राहायचं, तो निरोप ते पोचवतं. गोजरबाई हसून म्हणाल्या, आमच्याकडं दोन्हीला काळीजच म्हणतेत.

१० जानेवारी
तुलनेसाठी धडधाकट माणूस हवा होता. प्रेमनं हसत बाही सरकवली. नळीवर नावही त्यानंच लिहिलं. आकडा इतरांच्या चौपट आला. हृदय थकलं की यकृत असा जास्तीचा निरोप धाडतं. पण प्रेमचं हृदय? मशीनच चुकलं असेल. सोमवारी पुन्हा लावू.

११ जानेवारी
प्रेम गेला. सकाळी, चहा पिताना. डॉक्टर म्हणाले, आधी कळायला हवं होतं.
मला कळलं होतं.

२ फेब्रुवारी
कामाला लागले. फ्रीजमध्ये बावीस नळ्या ठेवल्या होत्या, तेवीस निघाल्या. जास्तीच्या नळीवर प्रेमचं नाव, त्याच्याच अक्षरात. तारीख आजची. रक्तानं भरलेली, हाताला कोमट लागली.

५ फेब्रुवारी
रोज एक येते. गोजरबाईंनी पुरून टाकायला सांगितलं. हो म्हटलं. पुरली नाही.

९ फेब्रुवारी
रोजच्या नळीतला आकडा उतरतोय. चौपट, दुप्पट, आज त्याहून कमी. नळी येण्याची भीती गेली. यायची थांबली तर—
माझ्या रक्ताचे दोन थेंब त्यात टाकले. आकडा चढला.

१३ फेब्रुवारी
आता नळ्या रिकाम्याच येतात. मी भरते. सकाळी पुन्हा रिकाम्या. आधी एक, आज पाच.
गोजरबाईंनी माझी बाही वर केली. "पोरी, किती रगत काढून राह्यलीस? कुणासाठी?"
सांगितलं. त्या रडल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुझ्या माणसानं एवढं मागितलं नसतं गं."

१४ फेब्रुवारी
खरंय. प्रेम पाणीसुद्धा मागायचा नाही, स्वतः उठायचा.
मग हे कोण—

१६ फेब्रुवारी
तीस नळ्या. सगळ्यांवर माझं नाव. अक्षर त्याचंच. बोटं गार. शीर सापडत नाही. गोजरबाई दार ठोकतायत, जल्दी उघड म्हणतायत. उठवत नाही. हा प्रेम नाही, कळतंय मला. पण प्रेम म्हणून हाक मारायला मला दुसरं कुणी—