खारबेटाची पुरी फेरी

सोमवार, २ नोव्हेंबर १९५३
पनवेल बंदरातून चांगो तांडेलाच्या होडीने भरतीबरोबर खारबेटावर पोचलो. बत्तीस घरं, मधोमध गोड्या पाण्याची विहीर, कडेने मातीचा बांध, पलीकडे खाडीत तिवरांची झाडी. दूर कर्नाळ्याचा सुळका. मला शिकवायला मिळालेली शाळेची खोली हवेशीर आहे. या बेटाचा इतिहास-भूगोल आजवर कुणी लिहिलेला नाही. तो मी लिहिणार आणि इथल्या मुलांच्या हाती देणार! बायकोला, मिल्काला, पत्र टाकलं: तेरा तारखेला, शुक्रवारी, सूर्यास्ताला शब्बाथ लागायच्या आधी ये.

बुधवार, ४
बांधावरून पावलांनी बेट मोजायला निघालो. उत्तरेच्या काळ्या दगडाशी जनी म्हातारीने अडवलं. म्हणाली, मास्तर, हितून मागं फिरायचं. आमी कोनी पुरी फेरी घालत नाय. घातली का बेट आवळतं. मी हसलो. चांगो म्हणाला, मास्तरांची कंबर तशीबी बारीकच हाय, आवळून आवळून किती आवळंल? सगळे खिदळले. पण दगड एकानेही ओलांडला नाही.

गुरुवार, ५
शाळेसमोर सभा घेतली. विचारलं, या देशाने साम्राज्य हाकललं आणि तुम्ही एका दगडाला भिता? शोधणारा माणूस अर्ध्यावरून परत फिरत नाही! मग सर्वांदेखत दगड ओलांडून फेरी पुरी केली. दोन हजार एकशे चाळीस पावलं. टाळी एकही पडली नाही. जनी रडत होती.

रविवार, ८
पुन्हा पावलं मोजून पडताळा घेतला. सोळाशे. मोजण्यात चूक असेल. पण दक्षिणेची तिवरं कुठे गेली? तिथे पाणी आहे.

मंगळवार, १०
सहाशे. विहीरही पाण्याखाली. तिथूनच चांगो चालत आला, पाण्यावरून. त्याच्या पायांना कोरडी माती होती. मिल्काने येऊ नये म्हणून चिठ्ठी लिहिली, त्याच्यापुढे धरली. तो मलाच हाका मारत माझ्या अंगावरून निघून गेला.

गुरुवार, १२
चाळीस. शाळा गेली. उरलंय ते काळ्या दगडाभोवती. लांब पाण्यावर मुलं ओळीने बसून माझी वाट बघताहेत. घसा फुटेतो ओरडलो. एकानेही वळून—

शुक्रवार, १३
सात. होडी लागली. मिल्का उतरली. जनी तिचा हात धरून काहीतरी विनवतेय, इकडे बोट दाखवतेय. मिल्काने हात सोडवून घेतला. बुडालेल्या बांधावरून मला हाका मारत निघाली— अर्ध्यावरून फिरायचं नाही हे तिला मीच शिकवलं. मीच.

पाच. दगडाशी आली. मी समोर हात पसरून उभा. माझ्यातून आरपार बघतेय.

मिल्का, माघारी फिर. मी चुकलो. मी—

थांबली. जनीकडे वळून पाहिलं. हां. तशीच जा.

नाही. पदर खोचला. दगडापलीकडे टाकायला पाऊल उच—