अडीच मीटरच्या छताखाली

३ ऑगस्ट, सोमवार
मुलीला भूमितीत चाळीसपैकी सात. ही म्हणाली, तिला रोज संध्याकाळी मामाकडे पाठवू. मामा म्हणजे हिचा भाऊ, सुतार. रंधा मारता मारता भूमिती शिकवतो म्हणे! मी ठणकावलं, बाप जिवंत आहे अजून. भूमितीला डोकं आणि डोळे लागतात, बस्स. आधी मी शिकणार, मग तिला शिकवणार.

४ ऑगस्ट, सकाळी ७
पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचलं. बाकीची वाचायची गरज वाटत नाही.
प्रात्यक्षिक ठरलं. मुलीच्या खोलीत स्वतःच्या हातानं कपाट करणार, थेट छताला भिडणारं. हिनं अट घातली: रविवारी कपाट उभं राहिलं तर शिकवा तुम्ही, नाहीतर मामा. मान्य!

संध्याकाळी
मेव्हणा नेमका टपकला. खोलीत नुसतं डोकावून म्हणाला, दाजी, छतापेक्षा दहा-बारा सेंटिमीटर कमी धरा. का, ते विचारलं नाही. त्या माणसाला मी काही विचारत नसतो.

५ ऑगस्ट
छत अडीचशे सेंटिमीटर. कपाट उंच दोनशे एकोणपन्नास, खोल सत्तर. लहान वस्तू मोठ्या जागेत मावते. सिद्ध. खाली सही केली.

६ ऑगस्ट
जमिनीवर आडवं ठेवून जोडतोय. मुलगी म्हणाली, बाबा, उभं करताना ते तिरकं होणार ना? तिरकी रेघ लांब असते, मामा म्हणतो. पुन्हा मामा! तिला रोजच्या आयुष्यातलं उदाहरण दिलं. मी रोज आडवा झोपतो, उभा राहतो. मधे डोकं छताला लागतं का? हसली. पटलं असावं.

७ ऑगस्ट
पोट बिघडल्याचं सांगून रजा टाकली. सगळे जोड सरसानं कायमचे पक्के. अंगठा ठेचला. हातोडी हलक्या प्रतीची.

९ ऑगस्ट, रविवार, सकाळी ९
मेव्हण्याला मुद्दाम बोलावलंय. आज त्याचं नाक कापणार.

९.४०
अर्ध्यात अडकलं. छत वाकडं आहे. बिल्डर चोर.

१०.३०
छत चार ठिकाणी मोजलं. वाकडं नाही. जमिनीवर संशय.

११
मुलीनं भिंतीवर पेन्सिलनं त्रिकोण काढला. सात, चोवीस आणि तिरकी रेघ पंचवीस. म्हणाली, सत्तर खोल कपाट या छताखाली उभं करायचं तर दोनशे चाळीसच्या वर जाताच येत नाही. कुणी सांगितलं नव्हतं, स्वतः काढलं. मेव्हण्यानं तिच्या पाठीवर थाप मारली. ती थाप माझी होती. फार लागलं.

संध्याकाळी ६
मेव्हण्यानं करवत चालवली. अर्ध्या तासात कपाट उभं. मुलगी कंपासपेटी घेऊन त्याच्याबरोबर गेली, मागे वळूनही पाहिलं नाही. निघण्याआधी कापलेला एक तुकडा माझ्या टेबलावर ठेवून तो म्हणाला, जपून ठेवा दाजी, रेघा मारायला होईल.
मोजला. या टोकाला दहा सेंटिमीटर, त्या टोकालाही दहा. माणूस नालायक आहे.
मुलगी साडेसातला येईल. ते सात आणि चोवीस कुठून आले, तिला विचारायचंय. ही स्वयंपाकघरात गेली की विचारेन.