मोरीतल्या मुंग्या

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

लिही गं रेवा, आणि उद्या वाचून ‘आजी, हे कधी सांगितलंस?’ म्हणू नकोस. डोक्यावरचा चष्मा घरभर शोधणारी तू.

आज नेवाशाहून माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. उपाशीपोटीची साखर चांगली म्हणे. घर खूश. चांगली येणारच. तपासणीआधी चार दिवस गूळ, गोड चहा, भात, सगळं चोरून सोडलं होतं मी. पाहुणे यायच्या आधी घर सारवावं तसं. फसवलं कुणाला? यंत्राला, का मला?

कारण दुपारी मोरीत, माझ्या लघवीच्या जागी, मुंग्या दिसल्या. तुझ्या आजोबांच्या वेळीही त्यांच्या लघवीच्या जागी अशाच लागायच्या. हे हसून म्हणायचे, “मानूसच गोड हाय मी!” मग टाचेला जखम झाली, ती भरलीच न्हाई, त्यातच ते गेले. आज मी दोनदा पाणी ओतलं. मुंग्या परत आल्या. आणि ह्यांचं ते हसू, आज मोरीत… खरंच ऐकलं का मी?

उद्या दवाखान्यात खरं सांगते. नर्सबाई मागंच म्हणाली होती, तीन महिन्यांची साखर सांगणारी दुसरी तपासणी असते, तिला उपाशी राहावं लागत न्हाई. तेव्हा उद्या माझ्या डब्यात बाजरीची भाकरी नि मेथी दे. गूळ नको. मी मागितला तरी नको.