फोंतेनेराची वाइन आणि हर्नडनचं घर

मी, लतिका दिगंबर खानझोडे, वय एकोणसाठ, मूळची नागपूरची, हल्ली राहणार हर्नडन, व्हर्जिनिया, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. डायलिसिसने शरीर थकलं आहे. डोकं जाग्यावर आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहतं घर माझा मुलगा ईशान याला. २००१ साली माझे पती दिगंबर यांची नोकरी गेली. सप्टेंबरच्या सुरुवातीला ते आठवडाभरासाठी इटलीला, मुलगी वल्लरीकडे गेले. ती तिथे फोंतेनेरा नावाच्या चारशे वर्षं जुन्या द्राक्षमळ्यात काम करते. पूर्वी तो मठ होता. आता त्याच्या तळघरात ब्रुनेल्लो ही लाल वाइन वर्षानुवर्षं मुरवतात. अकरा सप्टेंबरला विमानं बंद पडली. ती सुरू झाल्यावरही यांनी तिकीट पुढे ढकललं, ते थेट द्राक्षतोडणी संपेपर्यंत. इकडे ईशानने कॉलेजचं सेमिस्टर सोडून किराणा दुकानात खोकी उचलली. हे घर त्याच्यामुळे टिकलं. वल्लरीने यात वाटा मागू नये.

२. माझे दागिने आणि दिगंबरांची द्राक्षं तोडायची कात्री वल्लरीला. ते परत आले तेव्हा नखं जांभळी होती, आणि कित्येक वर्षांनी ते गोळीशिवाय झोपले. मी भांडायच्या तयारीत होते. पण झोपलेल्या माणसाशी काय भांडणार?

३. जगन्नाथ भावोजींना काहीही नाही. "नोकरी गेल्यावर दिगू दारूच्या मळ्यात जाऊन बसला," असं त्यांनी न्यू जर्सीपासून नागपूरपर्यंत सांगितलं. दिगंबर बसले नव्हते. दिवसभर वाकून काम करत होते.

४. दिगंबरांनी तोडलेल्या त्या द्राक्षांची वाइन मुरून २००६च्या जानेवारीत बाजारात आली. दिगंबर त्याआधीच्या नोव्हेंबरात गेले. वर्षश्राद्धाला वल्लरी दोन बाटल्या घेऊन आली. एक तिने उघडून वडिलांच्या पानाशेजारी ठेवली. ईशानने ती उचलून सिंकमध्ये ओतली.

"बाबांनी तोडलेली द्राक्षं होती ती!" वल्लरी ओरडली.

"आय नो. ते तोडत होते तेव्हा मी इथे होतो," ईशान म्हणाला.

ती त्याच संध्याकाळी परत गेली. तेव्हापासून "आई, तिला सांग" आणि "आई, त्याला सांग". दोघांचंही खरं आहे, आणि दोघांचंही ऐकून मला शीण आला आहे. निरोप पोचवण्याचं हे काम मी कोणाच्याही नावे करत नाही. ते बंद.

५. दुसरी बाटली वाटणीत धरू नये. गेल्या रविवारी ईशान छपराच्या पन्हळीतली पानं काढायला आला होता. मी ती उघडली आणि स्टीलच्या पेल्यात ओतून त्याच्यापुढे ठेवली. तो लेबलाकडे बघत राहिला. मग घोट घेतला.

"तुरट आहे यार. बाबांना आवडायची?"

"त्यांनी ही चाखलीच नाही रे. चार वर्षं वाट पाहिली, दोन महिने कमी पडले."

त्याने पेला संपवला. तो विसळता विसळता म्हणाला, "तिकडे आता किती वाजले असतील?"

"जागी असेल ती," मी म्हटलं.

तो फोन घेऊन मागच्या डेकवर गेला आणि दार लावून घेतलं. काय बोलले, मी विचारलं नाही.

६. व्यवस्था माझी मैत्रीण शोभना मुठाळ हिने पाहावी. दहन इथेच करावं. अस्थी कुठे न्यायच्या ते ईशान आणि वल्लरीने बोलून ठरवावं.

सही: लतिका दिगंबर खानझोडे

आमच्यासमोर वाचून सही केली:
त्र्यंबक सोवनी
सीमा रायकर

हर्नडन, २१ ऑक्टोबर २००७