धाकटीची खुर्ची

रविवार, १८ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,

थोरल्या जावेचे अनेक आशीर्वाद. तू माहेरी सुखरूप पोचलीस असं भाऊजींकडून कळलं. तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग.

इकडे सगळं ठीक. सासूबाईंचा गुडघा बरा आहे, जिना एकट्या उतरतात. भाऊजी जेवताना मोबाइल ताटाशेजारी ठेवतात आणि तुझा फोन आला नाही की अर्ध्यावरून उठतात. तू विश्रांतीसाठी गेलीस असंच सासूबाईंना वाटत होतं. "किती दगदग करते पोर," असं म्हणत त्या फ्रिजवर लावलेला तुझा वर्तमानपत्रातला फोटो पुसायच्या. दूध काढायला गेलं की तू माझ्याकडे बघून हसतेस. शेवटी मी त्यावर विजेचं बिल लावलं. सासूबाईंनी ते काढून बाजूला लावलं.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

तो फोटो 'जुने कपडे परत द्या' योजनेच्या उद्घाटनाचा. सासूबाईंनी मामंजींचा करडा कोट तुझ्या हातात दिला आणि तू माइकवर म्हणालीस, "यातला एकही धागा वाया जाणार नाही. याची वसतिगृहातल्या मुलांसाठी पांघरुणं होतील." सगळं सभागृह उभं राहिलं. मीही राहिले, कारण पुढचे-मागचे उठल्यावर आपणच बसून राहिलो तर वाईट दिसतं. कोटाच्या कोपराला ठिगळ मी लावलं होतं, ते काही कोणी माइकवर सांगितलं नाही.

एक घर, एक कंपनी, दोघी जावा. तू सामाजिक जबाबदारी विभागाची प्रमुख, मी नियमपालनात. तू बोललीस की टाळ्या. मी गोदामात जाऊन आगीच्या वेळचा दरवाजा उघडतो का ते बघते. दरवाजा उघडला म्हणून आजवर कोणी टाळ्या वाजवलेल्या नाहीत. त्या दिवशी घरी येताना माझ्या पोटात खरंच दुखत होतं. यांना सांगितलं, तिथलं पाणी बाधलं.

आता मुद्द्याचं. तुझ्या योजनेच्या गोदामाची तपासणी माझ्या वाट्याची नव्हती, मी ती मागून घेतली. नात्यातल्या माणसाचं काम आपण तपासायचं नाही, हा नियम नव्या लोकांना मीच शिकवते. तरी गेले. तुझ्या त्या गोजिरवाण्या योजनेत निदान एखादी मुंगी तरी सापडावी, एवढीच इच्छा होती.

मुंगी कसली, हत्ती सापडला. मागचा दरवाजा कपड्यांच्या गठ्ठ्यांनी अडलेला. ते हलवायला लावले, तर पलीकडे तसलेच गठ्ठे ट्रकमध्ये चढत होते. मुकादमाला विचारलं, पांघरुणं कुठे बनतात?

"कसली पांघरुणं, बाई? सरमिसळ धागा मशीनमध्ये अडकतो. पहिल्या महिन्यानंतर सगळा माल रंगाईच्या कारखान्यातल्या बॉयलरमध्ये जाळायलाच जातोय."

उद्घाटनाच्या दिवशी जमलेल्या कपड्यांची पेटी इतके दिवस मुख्य कार्यालयात काचेमागे मांडलेली होती ना, तीही गेल्या आठवड्यात याच गठ्ठ्यांत रिकामी केली होती. एक गठ्ठा सोडायला सांगितला तर वरच मामंजींचा कोट. ठिगळ माझं, टाका माझा. मला वाईट वाटायला हवं होतं. धाकटे, मला आनंद झाला. इतका, की मुकादमाकडे पाठ करून उभी राहिले. परत येताना कोट मांडीवर घेऊन मी वाक्यं जुळवत होते, सासूबाईंना आधी कोट दाखवावा की आधी बसायला सांगावं.

तशीच आपल्या मोठ्या साहेबांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "यात नवीन काही नाही. तुमच्या जाऊबाईंनी गेल्या महिन्यातच तक्रार केली आहे. योजना थांबवा, नाहीतर लोकांना खरं सांगा, असा हट्टच धरला. म्हणून तर त्यांना घरी बसवलंय."

म्हणजे इथेही तू आधीच पोचलेली. तुझा एवढा राग मला कधी आला नव्हता. तू लबाड निघाली असतीस तर किती सोयीचं झालं असतं.

साहेबांनी स्वतः चहा ओतून दिला. म्हणाले, "तपासणीत फक्त दरवाज्याचं लिहा. गठ्ठे कुठे जातात हे तुम्ही बघितलंच नाही. त्यांच्या बाजूने बोलणारं कोणी नाही, गुरुवारी त्यांच्यावरची चौकशी संपेल. मग ती जागा तुमची. अनुभव आहे, शिवाय आडनाव तेच. बाहेरच्यांना फरकही कळणार नाही."

तुझी खोली दाखवायलाही नेलं. मी तुझ्या खुर्चीत बसले. खोटं कशाला बोलू, एक गिरकीसुद्धा घेतली. छान आहे गं. टेबलावर तुझा चष्मा राहिला होता, तो सोबत पाठवते आहे.

आणि तिथे बसल्या बसल्याच माझं डोकं फिरलं. फरकही कळणार नाही म्हणे. म्हणजे माझ्यासाठी टाळ्या वाजतील तेव्हाही लोकांना वाटणार, ही तीच. तुला ढकलून रिकामी केलेली जागा मला नको. तू तिथे ताठ बसलेली असताना मला तुझ्या पुढे जायचंय, तुझ्या नाकावर टिच्चून, सगळ्यांदेखत. तूच नसलीस तर मी कोणाच्या पुढे जाऊ?

म्हणून शुक्रवारी मी सगळं लिहिलं. गठ्ठे, ट्रक, बॉयलर, कोट. तू माझी जाऊ आहेस आणि मी तुझी चूक शोधायलाच गेले होते, हेही लिहिलं, नाहीतर उद्या तेच माझ्यावर उलटवतील. प्रत संचालकांना दिली आणि एक प्रदूषण खात्यात. साहेब आता जिन्यात भेटले तरी भिंतीकडे बघतात.

काल सासूबाईंनाही सांगितलं. कोट मांडीवर घेऊन त्यांनी त्याची नीट घडी घातली. मग म्हणाल्या, "धाकटीने एकटीने एवढं सोसलं?" माझ्याबद्दल अवाक्षर नाही. मी उठून भांडी घासायला घेतली, जरा जोरातच.

गुरुवारी दोघींना बोलावलंय. तुझी नोकरी बहुतेक जाईल, माझीही जाईल. बुधवारपर्यंत ये, भाऊजी घ्यायला येतील. आभार मानू नकोस, तेवढं मला सोसणार नाही. आणि आत गेल्यावर तू गप्प बसायचंस. या वेळी आधी मी बोलणार आहे.

तुझं बरं चाललेलं न बघवणारी,
आणि तुला कोणी खाली ओढलेलंही न बघवणारी,
थोरली