वजनकाट्यातली खोट

२ जून, सोमवार
डॉ. प्रियदर्शनी म्हणाल्या, हार्ट पंपिंगला कमी पडतंय, अंगात पाणी साठतं. मीठ तोडा, पाणी मोजून प्या, रोज सकाळी वजन करा. वजन झपकन वाढलं तर लगेच कळवा. आजपासून कडक शिस्त. बंगळुरात, के. आर. पुरममध्ये शून्यातून काट्यांचं दुकान उभं केलंय, वजन मला कोण शिकवणार. तरी लेकीने, शाल्मलीने, काटा ऑनलाइन मागवला. का?

५ जून, सकाळी
दीड किलो जास्त. काल एकच खारा बन खाल्ला. दीड किलोचा बन कुठल्या बेकरीत मिळतो? काट्यातच खोट.

६ जून
अजून वाढ. काटा दुकानात नेला. महांतेश माझ्या हाताखाली तयार झालेला. प्रमाणित वजनं ठेवून म्हणाला, काटा सरी आहे अण्णा, एकदम बरोबर, तुम्हीच स्वल्प बसा, धाप लागलीय. शाल्मलीने यालाही फोडलाय.

८ जून, रविवार
दुपारी आडवं पडलं की बारीक शीळ ऐकू येते. उठून बसलो की बंद. वरच्या भाडेकरूचा पाइप. माझे कान तिखट आहेत. प्लंबर म्हणाला, पाइपात पाणीच नाही. भाडेकरूला सामील.

९ जून
चपला आखडल्या. बायकोने, महानंदाने, धुतल्या असणार. विचारलं तर म्हणते, काटा खोटा, चपला खोट्या, आता पाय पण दुकानात नेऊन तपासून आणा.
ती देवपूजेला बसल्यावर काटा उघडून स्वतः सेटिंग केलं. जुनं वजन बरोबर आलं. महानंदाने आकडा डॉक्टरीणबाईंना पाठवला. उत्तर: व्हेरी गुड, गोळी तेवढीच ठेवा. विषय संपला.

११ जून
वजन स्थिर. रोज पहाटे जरा सेटिंग लागतं, एवढंच. झोप मात्र खुर्चीतच लागते. हल्ली उशा हलक्या मालाच्या येतात.

१३ जून, शुक्रवार. हॉस्पिटल
काल अॅम्ब्युलन्स. छातीत पाणी. इथे काटा पलंगातच बसवलाय, बटणं नर्सच्या ताब्यात.
डॉक्टरीणबाई दाराबाहेर शाल्मलीला सांगत होत्या, आकडे चांगले येत होते, नाहीतर गोळी वाढवली असती. हळू बोलल्या, तरी ऐकलं.
महानंदा उशाशी बसून आहे. म्हणते, आकडे मीच पाठवले हो. माझ्याच बघण्यात चूक झाली असणार. सकाळपासून तेच. चहासुद्धा घेतला नाही.
तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क निघाला की तिला सेटिंगचं सांगायचं, पक्कं ठरवलं.
संध्याकाळी नर्स म्हणाली, आता मास्क काढला तरी चालेल.
खुणेने सांगितलं, राहू दे.